बांध आणि पाऊस

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात मी एकोणीस वर्षं मराठी शिकवलं. शाळेच्या पाठीमागे खारजमीन होती. खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध, आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडणारी उघाडी आणि त्यामागे भाताची खाचरं. एका वर्षी भाद्रपदातल्या उधाणाने बांधाला खांड पडली. पोटरीला आलेलं भात आठ दिवस खाऱ्या पाण्यात उभं राहिलं आणि गेलं. दिवाळीनंतर गावाने खांड बुजवली. पूर्वी या कामाला घरटी एक माणूस यायचा, त्याला जोळ म्हणायचे. त्या वर्षी निम्मीच घरं आली, बाकीच्या घरांची माणसं मुंबईत होती. तरी काम झालं, बांध पहिल्याहून रुंद झाला. पुढच्या पावसाळ्यात मात्र त्या खाचरांतली रोपं पिवळी पडली आणि करपून गेली.

मी वसईची. आमच्याकडे वाड्या, विहिरी, केळी, पानवेली. खारजमिनीचं मला काही कळत नव्हतं. बांध तर पक्का झाला, मग भात का नाही आलं, असं मी शाळेजवळ राहणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, बांध नवं खारं पाणी अडवतो. जमिनीत मुरलं ते मीठ बांधाला काढता येत नाही. त्याला वरचं पाणी लागतं." पावसाचं पाणी खाचरात तुंबवायचं, मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला उघाडीतून सोडायचं, पुन्हा तुंबवायचं. असे दोन-तीन पावसाळे गेले की जमीन पुन्हा भात धरते.

मी कॅथलिक घरात वाढले. नियमशास्त्र (देवाने मोशेकडून लोकांना दिलेले नियम), पाप, कृपा, तारण हे शब्द लहानपणापासून कानावर पडत होते. ते एकमेकांना नेमके कसे बांधलेले आहेत हे मला त्या दिवशी, त्या बांधावर उभं राहून, पहिल्यांदा नीट उमगलं. त्याच गावात, त्याच वर्षांत, वाळीत टाकलेलं एक घर मी रोज पाहत होते. त्या घरातली मुलगी माझ्या वर्गात होती. आठवीत. तिच्या बाकावर ती एकटी बसायची.

या दोन गोष्टी मी एकत्र मांडते आहे, कारण माझ्या मते त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. ज्याचं चुकलं त्याने आधी सुधारावं, नाक घासावं, दंड भरावा, मग आम्ही त्याला जवळ घेऊ, हा आपल्या गावकीचा क्रम आहे. जातपंचायतींचा आहे, आणि खरं सांगायचं तर आमच्या चर्चमधल्या माणसांचाही आहे. ख्रिस्ती श्रद्धा सांगते तो क्रम याच्या बरोबर उलटा. मला तो पटतो, आणि तो फक्त ख्रिस्ती माणसांपुरता राहावा असं मला वाटत नाही.

शिक्षकांच्या खोलीत एक प्रश्न मला वर्षातून एकदा तरी यायचा. "तुमचं बरं आहे, बाई. पाप करायचं, फादरना जाऊन सांगायचं, की झालात मोकळे." विचारणाऱ्यांच्या मनात वाकडं नसायचं. पण या समजुतीत देवाचा नियम सैल आहे असं धरलेलं असतं, आणि ख्रिस्ती शिकवण तसं कुठेच म्हणत नाही. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात नियम उलट आणखी घट्ट केला. 'खून करू नको' ही मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांतली एक. येशू म्हणतो, भावावर नुसता रागावलास तरी तू न्यायाला पात्र झालास. हात आवरला म्हणून सुटका नाही, मनात काय शिजलं तेही मोजलं जाणार. याकोबाच्या पत्रात तर असं आहे की ज्याने सगळं नियमशास्त्र पाळलं आणि एका ठिकाणी चुकला, तो सगळ्याच आज्ञांबद्दल दोषी ठरतो. ऐकायला हे फार कडक वाटतं. खाडीकाठच्या माणसाला नाही वाटणार. अर्ध्या मैलाच्या बांधाला खांड एकाच ठिकाणी पडते, आणि शेत सगळं जातं.

मग इतका कडक नियम कशासाठी? तो पाळून कुणी देवापुढे ताठ मानेने उभं राहू शकतं का? येशूचा प्रेषित पौल याचं उत्तर रोमकरांस लिहिलेल्या पत्रात देतो, आणि पौल हा स्वतः नियमशास्त्राचा पक्का अभ्यासक, परूशी या काटेकोर यहुदी पंथातला. तो म्हणतो, नियमशास्त्राने पापाची जाणीव होते. जाणीव, सुटका नव्हे. सर्वांनीच पाप केलं आहे आणि देवाच्या गौरवाला सगळेच उणे पडले आहेत. 'उणे पडणे' हे मराठी बायबलातले शब्द मला फार नेमके वाटतात. नदी पोहून जायला निघालेल्या दोघांतला एक मधेच बुडाला आणि दुसरा काठापासून हातभर अंतरावर बुडाला, तर दुसऱ्याने पहिल्याला नावं ठेवण्यात काय अर्थ? त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात पौल स्वतःबद्दल लिहितो ते मी वर्गात कधी शिकवलं नाही, पण घरी कितीतरी वेळा वाचलं. जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही आणि जे वाईट करायचं नाही तेच मी करत राहतो. मीठ जमिनीत मुरलेलं असतं, ते असं.

पाचव्या शतकात पेलाजियस नावाच्या ब्रिटनमधल्या साधूने याविरुद्ध बाजू मांडली. माणसाला देवाने बुद्धी दिली, इच्छाशक्ती दिली, आज्ञा दिल्या, येशूचं उदाहरण दिलं. आता मनावर घेतलं तर तो निष्पाप राहू शकतो. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन म्हणाला, इच्छाच मुळात वाकलेली आहे, तिला तिच्या जोरावर सरळ करता येणार नाही. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचं मत फेटाळलं. मला पेलाजियसबद्दल तुच्छता वाटत नाही. आळसाला देवाच्या इच्छेचं नाव देणारी माणसं पाहून तो चिडला होता, आणि ती चीड मला समजते. पण त्याने फक्त बांध पाहिला, आतली जमीन पाहिली नाही.

आता क्रमाकडे येते, कारण माझा सगळा मुद्दा तिथे आहे. बहुतेकांना वाटतं, जुना करार म्हणजे नियम आणि नवा करार म्हणजे कृपा, आधी कडक देव होता मग प्रेमळ झाला. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा येतात. पहिली आज्ञा येण्याआधी एक वाक्य आहे, तिकडे लक्ष जात नाही. देव म्हणतो, ज्याने तुला मिसर (इजिप्त) देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं तो मी परमेश्वर तुझा देव आहे. म्हणजे सुटका आधी झालेली आहे. तांबडा समुद्र मागे पडला, इस्राएली लोक सीनायपर्वताशी पोहोचले ते मिसर सोडल्यानंतर तिसऱ्या महिन्यात, आणि मग त्यांना नियम मिळाले. आज्ञा पाळा म्हणजे तुम्हाला गुलामीतून सोडवतो, असं देव मिसरमध्ये म्हणाला नव्हता. मोकळ्या झालेल्या माणसांनी मोकळं कसं राहावं, यासाठी नियम आले.

याच कारणाने पौल गलतीकरांना लिहिताना नियमशास्त्राला जो शब्द वापरतो तो मला महत्त्वाचा वाटतो. मराठी बायबलात त्याला 'बालरक्षक' म्हटलं आहे. ग्रीक घरांत मुलाला शाळेत नेऊन पोहोचवणारा, वाटेत त्याच्या खोड्या आवरणारा एक गुलाम असे, त्याचं हे नाव. तो शिक्षक नव्हे. त्याचं काम शाळेच्या दारापर्यंत. मी शिक्षिका होते, मला त्या माणसाचं मोल कळतं, आणि तो आत येऊन धडा शिकवू शकत नाही हेही कळतं.

येशूच्या वागण्यात हा क्रम उघड दिसतो तो जक्कयाच्या गोष्टीत. यरीहोतला तो मुख्य जकातदार, रोमन सत्तेसाठी कर गोळा करणारा आणि त्यातून श्रीमंत झालेला. ठेंगणा असल्यामुळे येशूला पाहायला तो उंबराच्या झाडावर चढला. येशूने वर पाहिलं आणि म्हणाला, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोक कुरकुरले. जक्कय खाली आला, त्याने आनंदाने त्याला घरी नेलं, आणि मग म्हणाला, माझं अर्धं धन मी गरिबांना देतो, आणि कुणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. लेवीय पुस्तकातला नियम असा होता की फसवून घेतलेलं कबूल केलं तर मूळ रक्कम परत करून वर एक पंचमांश द्यायचा. नियमाने मागितला पाचवा हिस्सा, आणि ज्याला काहीच मागितलं नव्हतं त्याने दिलं चौपट. घरी येण्याची अट म्हणून येशूने आधी हिशेब मागितला असता तर? जक्कयाने पंचमांश देऊन पावती घेतली असती, असं मला वाटतं.

आमच्या घरात असा एक माणूस होता. माझे काका. एका पतपेढीत ते कारकून होते आणि ठेवीदारांचे पैसे त्यांनी हळूहळू काढले. जुगार नव्हता, दारू नव्हती. घर बांधायला काढले, मग ते लपवायला आणखी काढले. शिक्षा झाली, ती भोगून ते 1986 च्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात घरी परत आले. माझ्या वडिलांनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाने, त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. आईने रात्री नेहमीसारखी ताटं वाढली, त्यात एक ताट जास्त होतं. तिने काकांना काही विचारलं नाही आणि वडिलांनाही काही विचारलं नाही. बोंबलाचं कालवण होतं. जेवताना कुणी बोललं नाही, पण सगळे जेवले.

पुढच्या रविवारी काका मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला आले. आम्ही ज्या बाकावर बसलो त्या बाकावरची माणसं उठून दुसरीकडे गेली. एकाच वेळी नाही, एकेक करून. त्या दिवशी वेदीवरून वाचलेलं शुभवर्तमान उधळ्या पुत्राचं होतं. त्या दाखल्यातला थोरला भाऊ आपण नेहमी विसरतो. धाकटा आपला वाटा उधळून परत आला, बापाने धावत जाऊन त्याला मिठी मारली, वासरू कापलं. थोरला शेतावरून आला आणि नाचगाणी ऐकून दारातच थांबला, आत येईना. त्याने बापाची एकही आज्ञा कधी मोडली नव्हती. तो खरंच चांगला मुलगा होता. बाप त्याच्यासाठीही बाहेर आला, त्याची समजूत काढू लागला. तो शेवटी आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही. आमच्या बाकावरून उठून गेलेली माणसं चांगलीच होती. त्यांतल्या काहींचे पैसे त्या पतपेढीत होते.

म्हणून इथे मला थांबून दुसरी बाजू नीट मांडली पाहिजे. कृपा, क्षमा, स्वीकार हे शब्द ज्याने केलं त्याच्या बाजूने फार गोड वाटतात. ज्याचं गेलं त्याचं काय? काकांनी ज्यांचे पैसे घेतले त्यांत एक विधवा बाई होत्या. मुलीच्या लग्नाचे पैसे होते त्यांचे. काका सुटून आल्यावर मासळीच्या ट्रकवर हिशेबनीस म्हणून लागले आणि दर महिन्याला त्या बाईंच्या दारात जाऊन जमेल तेवढे पैसे देऊन यायचे. कोर्टाने सांगितलं नव्हतं. बाई पैसे मोजून घ्यायच्या आणि दार लावायच्या. सगळी रक्कम फिटायला अकरा वर्षं लागली. त्या बाईंनी काकांना शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि तो त्यांचा हक्क होता. देव क्षमा करतो म्हणून तूही कर, असं त्यांच्या दारात जाऊन सांगण्याचा अधिकार आमच्या घरातल्या कुणालाही नव्हता, पाळकांनाही नव्हता. आईचं ताट आईचं होतं, तिने ते स्वतःच्या घासातून वाढलं होतं. दुसऱ्याच्या घासातून कृपा वाढता येत नाही.

चर्चने हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर केली आहे. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना गुपचूप एका धर्मग्रामातून (पॅरिशमधून) दुसऱ्यात हलवलं गेलं, क्षमेची भाषा वापरून प्रकरणं दाबली गेली. 2002 साली अमेरिकेतल्या बॉस्टनमधलं प्रकरण वृत्तपत्राने उघडं पाडल्यावर देशोदेशीच्या अशा गोष्टी बाहेर आल्या. ती कृपा नव्हती. ताकदवान माणसाला कोर्टापासून वाचवणं आणि पडलेल्या माणसाला ताट वाढणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जर्मन पाळक डीट्रिच बॉन्होफर याने 1937 साली 'स्वस्त कृपा' असा शब्द वापरला. पश्चात्तापाशिवाय क्षमा, क्रूसाशिवाय कृपा, अशी ती. नाझींनी त्याला 9 एप्रिल 1945 रोजी फाशी दिलं, तेव्हा महाग कृपा कशाला म्हणतात हे त्याला पुस्तकातून सांगायची गरज उरली नव्हती.

कृपा फुकट मिळते, पण तिचा भार कुणीतरी उचललेला असतो. ख्रिस्ती श्रद्धेच्या मधोमध क्रूस आहे तो यासाठी. देवाने आपला नियम वाकवला नाही, चालतंय की म्हटलं नाही. नियम मोडल्याचा परिणाम त्याने स्वतःच्या अंगावर घेतला, असं आम्ही मानतो. तुम्ही हे मानावं असा माझा आग्रह नाही. पण ज्याने कुणी खरंच कधी मोठी क्षमा केली असेल त्याला विचारा, ती करताना नुकसान कोणी सोसलं.

नियम मोडलेल्यांना कुंपणाबाहेर ठेवण्याची सवय चर्चला जुनी आहे. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी गळफास घेतलेल्या एका तरुणाला दफनभूमीच्या भिंतीपलीकडे पुरलं होतं, चर्चची घंटा वाजली नव्हती. तेव्हाचा म्हणजे 1917 चा चर्चचा कायदा जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला दफनविधी नाकारत होता. 1983 च्या नव्या संहितेतून तो उल्लेख काढला गेला, आणि 1992 च्या धर्मशिक्षण-ग्रंथाने सांगितलं की भीती, यातना, मनाचे आजार यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, अशा माणसांच्या तारणाबद्दल आशा सोडू नये. आत्महत्या चूक आहे हे चर्चने मागे घेतलं नाही. त्या आईला घंटा ऐकू येऊ द्यायला मात्र साठ-सत्तर वर्षं लागली.

पंथांच्या भांडणात मी फार शिरणार नाही. जर्मन साधू मार्टिन ल्यूथरने 1517 साली कृपा आणि सत्कर्मं यांवरचा वाद सुरू केला, कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने 1547 साली त्याला उत्तर दिलं, युरोपात माणसं यावरून मेली. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात लुथेरन, म्हणजे ल्यूथरच्या पंथाच्या, आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, आणि तोच आपलं अंतःकरण नवं करून सत्कर्मांना बोलावतो, असं दोघांनी मिळून म्हटलं. पावणेपाचशेहून जास्त वर्षं लागली, पण क्रमावर एकमत झालं. आधी स्वीकार, मग सत्कर्म.

आमच्या शाळेपासून बागमांडल्याच्या जेट्टीवर गेलं की फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडता येते. पलीकडे रत्नागिरी जिल्हा. तिथल्या बाणकोटला आणि पुढे हर्णैला 1820 च्या दशकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी ठाणी घातली होती. त्याच दापोली भागातल्या करजगावात नारायण वामन टिळक जन्मले. 1895 साली ते ख्रिस्ती झाले, आणि तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. मला हे वाक्य नेहमी दिलासा देतं, कारण कृपा ही कल्पना या मातीत जहाजातून उतरलेली नाही. नामदेव देवाच्या दारात उभा राहून त्यालाच बजावतो, पतितपावन म्हणवतोस ते खरं नसेल तर मी परत जातो. रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी 1931 साली सगळ्या जातींना खुलं असलेलं मंदिर बांधलं त्याचं नावही पतितपावन. दोन्ही परंपरांत फरक आहेत, मोठे आहेत, ते पुसून टाकावेत असं मी म्हणणार नाही. पण पडलेल्याला उचलणारा तो देव, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मग हीच माणसं गावकीच्या बैठकीला बसली की वेगळी का होतात?

वर्गातल्या त्या मुलीच्या वडिलांनी काय केलं होतं? वहिवाटीच्या वाटेवरून वाद झाला, गावकीने निर्णय दिला, तो त्यांना मान्य नव्हता, ते कोर्टात गेले. एवढंच. गावाचं म्हणणं, दंड भर आणि सगळ्यांसमोर माफी माग. त्यांनी भरला नाही. मग दुकानात सामान मिळेना, गिरणीत दळण घेईनात, त्यांच्या घरच्या मयताला गावातला माणूस आला नाही, नातेवाइकांना महाडहून खांदेकरी आणावे लागले. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घराघरांत फिरते, ती त्यांच्या दारात गेली नाही. गावकी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. बांध बांधणारी, विहीर उपसणारी, मयत उचलणारीही तीच. नियम नसता तर गावच राहिलं नसतं. पण तिच्याकडे फक्त बांध होता.

अशा वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला. 1949 साली मुंबई राज्याने केलेला जुना कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर रद्द ठरवला होता. त्यानंतर अर्ध्या शतकाने, रायगड-रत्नागिरीतली प्रकरणं एकामागोमाग पुढे आल्यावर, 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला आणि जुलै 2017 पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मी या कायद्याच्या पूर्ण बाजूने आहे. तो आधी असता तर ती मुलगी दोन वर्षं एकटी बसली नसती. मात्र कायदा दुकानदाराला सामान द्यायला लावू शकतो, लग्नाची अक्षत घेऊन दारात पाठवू शकत नाही. बहिष्कार हा गुन्हा आहे हे त्याने सांगितलं, म्हणजे पापाची जाणीव करून दिली, पौलाच्या भाषेत. पुढचं काम त्याच्या हातात नाही, आणि ते त्याच्याकडून झालं नाही म्हणून त्याला दोष देणंही बरोबर नाही.

हे काम कुणीतरी एकाने आधी पाऊल टाकल्याशिवाय होत नाही, आणि आधी पाऊल टाकणाऱ्याचं नेहमी नुकसान होतं. चर्चकडून माझी मागणी साधी आहे. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलेल्या माणसाला पहिल्या रविवारी घरी जाऊन कुणीतरी मिस्साला घेऊन यावं आणि त्याच्या बाकावर त्याच्या शेजारी बसावं. त्याने काही कबूल करण्याआधी. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याकडेही कुणीतरी जावं, क्षमा करायला लावायला नव्हे, त्यांचं किती बाकी आहे ते विचारायला. आणि गावकीला एवढंच विचारावंसं वाटतं की देव घरी येण्याची अट तुम्ही कधीपासून घालायला लागलात. देवळात माणूस देवाकडे जातो. शिमगा हा असा सण आहे की देव आपलं देऊळ सोडून माणसाच्या अंगणात येतो, घर सारवलेलं असो नसो.

त्या घराचं पुढे काय झालं ते सांगते. कायदा आल्यावर मुलीच्या वडिलांनी तक्रार दिली. पोलीस ठाण्यात बैठक झाली, सह्या झाल्या, दुकान आणि गिरणी सुरू झाली. त्या वर्षीच्या शिमग्यात पालखी त्यांच्या आळीत आली आणि शेजारच्या घरावरून वळली. वेळ झाला होता, असं सांगण्यात आलं. दुसऱ्या वर्षीही वेळच झाला. तोवर मी निवृत्त होऊन वसईला परत आले होते. तिसऱ्या वर्षी मुलीचा फोन आला म्हणून मी गेले. कोर्टातली केस तशीच चालू होती, माफी कुणी मागितली नव्हती. पालखी शेजारच्या दारातून निघाली तेव्हा पुढच्या दांड्याला खांदा होता तो त्याच म्हाताऱ्या शेतकऱ्यांचा, ज्यांनी मला मिठाचं सांगितलं होतं. ते वळलेच नाहीत. सरळ चालत राहिले, त्यामुळे मागच्यांनाही यावं लागलं. अंगणात रांगोळी नव्हती, कारण पालखी येईल असं त्या घरात कुणाला वाटलंच नव्हतं. मुलीची आई आत धावली, तांब्याभर पाणी आणून तिने खांदेकऱ्यांच्या पायांवर ओतलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की ओटीला नारळ नाही. शेजारीण आपल्या दारात उभी राहून पाहत होती. ती आत गेली, आपल्या देव्हाऱ्यासमोरचा नारळ घेऊन आली आणि काही न बोलता तिच्या हातात दिला.